दुसरी वीसची नोट

रात्रीचे साडेअकरा. ग्रानादा, स्पेन, हॉस्टेलची खोली. बाकीच्या तिघी झोपल्यात म्हणून मोबाईलच्या उजेडात लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं येतंय, येऊ दे.

रोजचा हिशोब लिहायला बसले आणि चाळीस युरोंपाशी अडकले. वीस-वीसच्या दोन नोटा. पहिलीचं काय झालं ते मला कळतंय, ती माझ्याकडून काढून घेतली, लागलं जिवाला पण कळतंय. दुसरी मात्र मी दिली. तिने धड मागितलीही नव्हती. सकाळपासून तेच टोचतंय.

आठवेल तसं लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

सकाळी कापिया रेआल या शाही चॅपेलमध्ये गेले होते, इसाबेल राणी आणि फेर्नांदो राजाला जिथे पुरलंय ते. वर संगमरवरात कोरलेली भव्य थडगी आहेत, सगळे फोटोत दाखवतात ती, पण छोट्या जिन्याने खाली उतरलं की तळघरात शिशाच्या पाच साध्या पेट्या दिसतात. नक्षी नाही, काही नाही. राणी, राजा, मुलगी जुआना, जावई फेलिपे आणि एक नातू मिगेल, दोन वर्षांचाही झाला नव्हता तो. माझी नजर जुआनाच्या पेटीवरून हलेना. आई गेली १५०४ मध्ये, जुआना गेली १५५५ मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं आईशिवाय काढली तिने, आणि त्यातली बहुतेक तोर्देसियासला कोंडलेल्या अवस्थेत, ती वेडी आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. आणि शेवटी परत आईजवळ. मागून लोक येत होते, जागा द्यायला हवी होती, तरी मी तिथेच.

तशीच बाहेर आले. आतल्या अंधारातून एकदम उन्हात, डोळे दिपलेले, आणि डोळे नुसते उन्हानेच भरले होते असंही नाही.

तिने मला तेव्हाच पाहिलं असणार.

कॅथेड्रलला लागून काये ओफिसिओस नावाची गल्ली आहे, तिथेच. पन्नाशीची बाई, केस मागे घट्ट बांधलेले, हातात रोझमेरीच्या काड्यांचा जुडगा. एक काडी माझ्यापुढे धरून "रेगालो, रेगालो" म्हणाली, भेट म्हणून. मी घेतली. घ्यायचीच नसते ती, हे मला आता माहितीये, हात खिशात ठेवायचे, "नो ग्रासियास" म्हणायचं आणि न थांबता चालत राहायचं. पण समोरून कुणी हसून काही दिलं की माझा हात आपोआप पुढे होतो. काडी घेतली त्याच क्षणी तिने माझा तळवा उलटा करून स्वतःच्या हातात धरला.

तिच्या अंगठ्याचं नख एका बाजूने तुटलेलं होतं. त्या तुटक्या कडेने ती माझ्या तळव्यावरची रेघ हळूहळू ओढत होती, मनगटापासून वर. स्पॅनिश आणि मोडकं इंग्लिश मिसळून बोलत होती. लाँग लाइफ. गुड हार्ट. मच थिंकिंग. कुणीतरी तुझ्यावर जळतंय. मी मान हलवत होते. मग म्हणाली, "ममा?"

तो प्रश्न होता. आता रात्री कळतंय की तो प्रश्न होता, आवाज शेवटी वर गेला होता तिचा. तेव्हा मला वाटलं तिला दिसलं. माझ्या तोंडावर जे काही झालं असेल ते तिने वाचलं आणि मग तेच मला परत ऐकवलं, ममा, कोरासोन (काळीज), म्हणत माझ्या हातावर दुसरा हात ठेवला. आईचं नाव असं अचानक कुणी काढलं की अजून मला काही सुचत नाही. आणि इथे तर नाव काढणाऱ्या माणसाने हात धरलेला.

मग पैसे. मी दोन युरोचं नाणं काढलं तर तिचा चेहराच बदलला. नाणं नको, नाणं म्हणजे माला सुएर्ते, अपशकुन. पापेल, पापेल. कागद म्हणजे नोट. तोवर दुसरी एक बाई माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली होती, ती कधी आली मला कळलंही नाही. हात सोडवून घेता येईना, आवाज चढलेला, येणारेजाणारे बघून पुढे जातायत. मी वीसची निळी नोट दिली. तिने ती दोन बोटांत चारदा दुमडली आणि कुठे गेली ते दिसलंसुद्धा नाही. इथपर्यंत ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण इथपर्यंत मी फसले असं म्हणता येतं.

त्यानंतर तिने हात सैल सोडला. मी निघू शकत होते. दुसरी बाई पण बाजूला झाली होती. तेव्हा ती हळूच म्हणाली, "इ ममा?" आणि ममासाठी? एवढंच. आणि मी पाकीट उघडलं, दुसरी वीसची काढली आणि तिच्या हातात ठेवली. जबरदस्ती नाही, आवाज नाही. तिने माझ्या कपाळाला बोट लावून काहीतरी पुटपुटलं आणि मी मान खाली घालून उभी होते.

दहा पावलं गेल्यावर पाय थरथरायला लागले. शेजारच्या अल्काइसेरिया बाजाराच्या अरुंद गल्ल्यांत शिरले आणि कोपऱ्यात उभी राहून रडले. आणि मग राग. माझाच का हात दिसला, एवढी गर्दी होती. एकटी आले म्हणून. ताई सांगत होती एकटी जाऊ नको, तिचा दुपारी फोन आला तो मी उचलला नाही, उचलला असता तर आवाजावरून ओळखलं असतं तिने. बाकी तिच्याशी जे बोलायचं राहिलंय ते राहिलंयच.

रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला की हे इथे वर्षानुवर्षं चालतं, रोझमेरी, हात, नोट, रोज कितीतरी जण. त्याने धीर द्यायलाच सांगितलं. पण मला ते ऐकून जास्त वाईट वाटलं. म्हणजे ते ममा सगळ्यांनाच.

संध्याकाळी मग वाचत बसले. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'हे तुझं स्वभाववर्णन' म्हणून एक कागद दिला. किती बरोबर आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. आणि कागद सगळ्यांना एकच दिलेला, त्यातली बरीचशी वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. लोकांनी आपल्याला मानावं असं तुला वाटतं, तू स्वतःला फार बोल लावतेस, अशा धर्तीची. वाचताना माझंच वर्णन वाटलं मला, कारस्थान माहीत असूनही. त्यामुळे पहिल्या नोटेबद्दल मनातलं थोडं निवळलं. गुड हार्ट, मच थिंकिंग, कुणाचाही हात धरून म्हणा.

पण दुसरीचं उत्तर फोररकडे नाही. कारण दुसरी देताना माझा तिच्यावर विश्वास होता का, तर नव्हता. हे लिहायला किती वेळ लागला मला. नाण्यावरून ती ओरडली तेव्हाच मला कळून चुकलं होतं की हे काय चाललंय. तरी दिली. ती ममा म्हणाली आणि 'नाही' म्हणायचं तर आईला नाही म्हटल्यासारखं झालं असतं, निदान त्या क्षणी तसंच वाटलं. आईसाठी काही करता येईल का असं कुणी मला कित्येक महिन्यांत विचारलेलं नाही. सगळे मला कशी आहेस विचारतात. आईसाठी करायचं सगळं संपलंय, असंच सगळे धरून चालतात, मीही.

तिने वाईट केलं. ते मी कमी करून सांगणार नाही, माणसाचं दुःख बघून त्यावर हात टाकणं याला दुसरा शब्द नाही. पण ते वीस युरो परत मिळाले तर हवेत का, असं स्वतःला विचारलं तर पहिले हवेत. दुसरे नकोत.

रोझमेरीची काडी अजून जॅकेटच्या खिशात होती, टाकून द्यायला काढली तर बोटांना वास लागला, कापरासारखा उग्र, दोनदा साबण लावला तरी जात नाहीये. काडी टाकली.

हिशोबात पहिल्या विसापुढे लिहिलं, फसवले. दुसऱ्यापुढे बराच वेळ काही लिहिलं नाही. मग 'आई' लिहिलं. बेरीज जुळली.

उद्या अलांब्रा, इथला जुना किल्ला आणि राजवाडे. नासरी महालाची वेळ सकाळी नऊची आहे, ती चुकली की आत सोडत नाहीत, आणि पासपोर्ट मूळ लागतो, तो आत्ताच बॅगेत ठेवला. निघायच्या आधी ताईला फोन करेन. तिला दोन्ही नोटांचं सांगेन.