बाटल्या धुणं बंद केलं: संग्रहाचं तिसरं वर्ष

जुन्या तयार औषधांच्या, म्हणजे 'पेटंट' औषधांच्या, बाटल्या, डब्या आणि लेबलं मी जमवतो. गेल्या पावसाळ्यात केलेला गाढवपणा आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. आत्याच्या माळ्यावर ग्राइप वॉटरची एक जुनी बाटली सापडली. मानेवर काजळी, तळाला काळपट चिकट थर आणि पत्र्याच्या झाकणाला मधोमध भोक. झाकण फुटकं समजून भंगारात टाकलं. बाटली धुण्याच्या सोड्यात रात्रभर बुडवली आणि सकाळी ब्रश मारला. काच अशी लखलखली की फोटो काढून चार जणांना पाठवला. पुढच्या खेपेला मोठ्या कौतुकानं आत्याला दाखवली, तर ती म्हणाली, "आरं, ही बाळंतिणीच्या खोलीतली चिमणी. हिचं टोपण कुठं हाय?"

चिमणी म्हणजे रॉकेलचा छोटा दिवा. भोक वातीचं होतं. काजळी त्या खोलीतली होती. दोन्ही मी मोरीत सोडून दिलं होतं.

त्या दिवसापासून बाटल्या धुणं बंद. दोन वर्षं मी फक्त लेबलं आणि काच जमवत होतो. यंदा बाटलीतलं औषध संपल्यावर तिचं काय झालं, हेही वहीत लिहायला लागलो. वस्तू जुनी तेवढीच आहे, नोंद मात्र चौपट लांब होते.

मोजदाद अशी: बाटल्या ६१ (गेल्या वर्षी ४४), पत्र्याच्या डब्या २३, सुटी लेबलं १४ आणि वर्तमानपत्रांतल्या व पंचांगांतल्या जाहिरातींची कात्रणं एक फाईल भरून. खर्च बेताचा झाला. निम्म्याहून जास्त माल कराड–पाटण भागातल्या ओळखीच्या घरांतून फुकट आला. पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा फसलो, त्याचं पुढे सांगतो.

ग्राइप वॉटर

चिमणीचं प्रकरण झाल्यावर या बाटलीचा पिच्छा पुरवला. विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्रज औषधवाल्यानं १८५१ मध्ये नॉटिंगहॅममध्ये हे काढलं. तिकडच्या दलदलीच्या प्रदेशात तापासाठी लहान मुलांना जे देत, त्यावरून त्याला ते सुचलं. खाण्याचा सोडा, साखर, थोडं मद्यार्क आणि डिलचं तेल हा मूळ मसाला. डिल म्हणजे आपला शेपू. त्याच्या बियांना आपण बाळंतशेपा म्हणतो आणि बाळंतिणीला जेवणानंतर चावायला देतो. म्हणजे सातासमुद्रापलीकडून बाटलीत भरून जे आलं, त्यातला मुख्य वास आत्याच्या घरात आधीच होता. तिला हे सांगितलं तेव्हा तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "शेपाचंच पाणी की. पन बाटली बरी व्हती," म्हणाली.

बाटली बरी होती, हे वाक्य वहीत लाल शाईनं लिहून ठेवलंय. काच जाड आणि बूड रुंद, त्यामुळे ती कलंडत नाही. मान अरुंद, म्हणून रॉकेल सांडत नाही. झाकण पत्र्याचं, त्याला खिळ्यानं भोक पाडलं आणि जुन्या धोतराची वात ओवली की चिमणी तयार. वीज यायच्या आधी घरात कंदील एखादाच असे, ओगलेवाडीचा प्रभाकर असला तर मानाचा. तो ओसरीवर. चुलीपाशी, गोठ्यात आणि बाळंतिणीच्या खोलीत औषधाच्या बाटल्यांच्या चिमण्या. यंदा अशा तीन मिळाल्या, तिन्ही टोपणासकट. एकीत वातही आहे, कडक होऊन काडीसारखी झालेली. हात लावलेला नाही.

मद्यार्कावरून आठवलं. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा मद्यार्क असलेली औषधंसुद्धा त्याच्या तडाख्यात सापडली होती. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंवरची ती बंदी रद्द ठरवली. दारूबंदी राहिली, औषधं सुटली. पन्नासच्या दशकातल्या कात्रणांत आसवं, अरिष्टं (आंबवून केलेली, म्हणून मद्यार्क असलेली आयुर्वेदिक औषधं) आणि टॉनिकांच्या जाहिराती दिसल्या की हा निकाल आठवतो.

अर्धं लेबल: "…धारा"

वर्षातली सगळ्यात आवडती वस्तू. करंगळीएवढी बाटली, सुकलेलं बूच आणि अर्धं फाटलेलं लेबल. त्यावर फक्त "धारा" शिल्लक. पहिला अंदाज अर्थात अमृतधारा. ते औषध १९०१ मध्ये लाहोरला पंडित ठाकूरदत्त शर्मांनी काढलं. पोटदुखी, डोकेदुखी, हगवण, विंचू, दाढ, सगळ्यावर दोन-दोन थेंब. फाळणीनंतर त्यांचं बस्तान इकडे आलं.

पण "धारा" एकच नव्हती. लक्ष्मणधारा नावाचंही औषध बाजारात होतं आणि दोघांचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६२ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की असलं औषध घेणारा माणूस डॉक्टरकडे न जाता चटकन आराम मिळावा म्हणून घेतो. त्यात खेडूत आले, शहरी आले, शिकलेले आले, अडाणीही आले. तो दोन शब्द शेजारी ठेवून अक्षरं मोजत बसत नाही, अर्धवट आठवणीवर मागतो. म्हणून नावं फसगत होण्याइतकी सारखी ठरली. तरीही लक्ष्मणधारेचा वापर जुना आणि उघड असल्यानं तिला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. निकाल वाचताना मला सारखी आत्या दिसत होती. मी तिला विचारलं होतं, "आत्या, ही कुठली धारा गं?" तिचं उत्तर: "धारा म्हंजी धारा. गार लागती ती."

मग असली धारा घरी करून पाहायची खुमखुमी आली. काष्ठौषधीच्या दुकानातून भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल (थायमॉल) आणि पुदिन्याचं फूल (मेंथॉल) आणलं, प्रत्येकी पाच ग्रॅम. तिन्ही कोरडे, पांढरे खडे. वेगवेगळे ठेवले तर पुदिन्याचं फूल साधारण ४२ अंशाला वितळतं, ओव्याचं ५० च्या आसपास आणि कापूर तर पावणेदोनशेच्याही पुढे. तिन्ही एका बाटलीत टाकून बूच लावलं आणि हलवलं. दोन मिनिटांत खडे ओले दिसायला लागले, कडा विरघळल्या आणि थोड्या वेळानं बाटलीत पाणीच पाणी. वरून पाण्याचा थेंब घातला नाही, विस्तव नाही. पदार्थ एकमेकांत मिसळले की मिश्रणाचा वितळणबिंदू खाली येतो, एवढंच त्यातलं शास्त्र. पण आठवडी बाजारात चादर पसरून कुणी हे चारचौघांसमोर केलं असेल तर बघणाऱ्यांनी खिशात हात घातला नसता तरच नवल. मला रसायनशास्त्र माहीत असूनही टाळी वाजवावीशी वाटली.

एक सूचना, आणि ही गंमत नाही. घरात लहान मूल असेल तर ही बाटली कुलपात ठेवा. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येतात.

व्ही.पी.

माझ्या मते खेड्यात ही औषधं पसरली ती पोस्टामुळे. दुकानदार शहरातला, गिऱ्हाईक डोंगरात. व्ही.पी. (व्हॅल्यू पेएबल टपाल) १८७७ मध्ये सुरू झाली आणि दोघांमधला भरवशाचा प्रश्न पोस्टमननं सोडवला: पैसे द्या, पुडकं घ्या. गिरगावच्या डोंगरे बालामृताची जाहिरात वाचून पोस्टकार्ड टाकायचं आणि वाट बघायची. पोस्टमन दारात यायचा तेव्हा हातात पैसे असतीलच असं नाही. आत्या सांगते, तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एकदा दम्यावरचं काहीतरी मागवलं. व्ही.पी. आली तेव्हा घरात रोकड नव्हती. पोस्टमन ओळखीचा, त्यानं चार दिवस पुडकं थांबवून ठेवलं. तरी सोडवता आली नाही, परत गेली. "दमा गेला न्हाई, व्ही.पी. गेली," हे आमच्या घरचं जुनं वाक्य. मला आजवर वाटायचं तो नुसता विनोद आहे.

कात्रणांच्या फाईलीत आता व्ही.पी.चा उल्लेख असलेल्या जाहिरातींना वेगळी खूण करतोय. भाषा बघण्यासारखी असते. रोगांची यादी इतकी लांब की वाचता वाचता त्यातला एखादा आपल्याला आहे असं वाटायला लागावं. १९५४ च्या जादूई उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्यानं या यादीला कात्री लावली. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग आहेत, ज्यांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही. माझ्याकडच्या एका जुन्या पानावर त्यातले अकरा एकाच गोळीनं बरे होतात.

आणि "पेटंट" हा शब्द. यातल्या बहुतेक औषधांना पेटंट कधीच नव्हतं. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि कृती लपवणं हाच तर धंदा. नोंदलेलं असायचं ते नाव आणि चित्र. गावात मात्र डॉक्टरनं स्वतः कालवून दिलेलं ते मिक्श्चर आणि खोक्यात बंद आलेलं ते पेटंट, अशी सरळ वाटणी होती.

मिक्श्चरची बाटली आणि कातरलेली पट्टी

ती पेटंट नाही, तरी संग्रहात घेतली, कारण पट्टी शाबूत आहे. कंपाउंडर कागदाची पट्टी घडी घालून कडेला कातरायचा. उलगडली की सारख्या अंतरावर खाचा. ती लईनं बाटलीला उभी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही मोजता येतं. बाटली रोग्यानं घरून न्यायची, त्यामुळे एकाच बाटलीवर पट्टीवर पट्टी. माझ्या बाटलीवर तीन थर आहेत. सगळ्यात वरच्यावर दोन खाचांपर्यंतच डाग आहे. पुढचं औषध घेतलं नसावं, किंवा गरज उरली नसावी.

डब्या

बामच्या बरण्या आणि डब्यांबद्दल थोडक्यात. अमृतांजन हे मूळचं मुंबईचंच, १८९३ चं, काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी काढलेलं. नंतर त्यांनी मुक्काम मद्रासला हलवला, पण नाव आपल्या घाटात राहिलं. खंडाळ्याजवळच्या पुलावर या बामची जाहिरात होती म्हणून तो अमृतांजन पूल. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडला. बाम अजून मिळतो.

रिकाम्या बरण्यांचा दुसरा जन्म मात्र ठरलेला: कुंकू, काजळ, चुना, तपकीर. तेवीसपैकी नऊ डब्यांत चुन्याचा थर आहे. लेबलं गेली ती चुन्याच्या बोटांनी. गजकर्णाच्या मलमांच्या डब्या त्यामानानं कोऱ्या, त्यांत कुणी काही ठेवत नसे. कारण विचारलं तर आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न गिळला.

फसवणूक

जुन्या बाजारात रविवारी निळी षट्कोनी बाटली घेतली. विकणारा म्हणाला, विषाची, इंग्रजांच्या जमान्यातली. विषाच्या बाटल्यांना कडा आणि रेघा असत हे खरं, अंधारात हाताला कळावं म्हणून. घरी येऊन भिंग लावलं. साच्याची शिवण ओठावरून थेट वरपर्यंत गेलेली, म्हणजे यंत्रानं केलेली. जुन्या हातकामात ओठ वेगळा घडवत, त्यामुळे शिवण मानेतच संपते. नुसत्या शिवणीवरून साल ठरवू नका, आपल्याकडे हातकाम यंत्राच्या जोडीनं बरीच वर्षं चाललं. पण या बाटलीच्या बुडाला एकही ओरखडा नव्हता. इंग्रजांच्या जमान्यापासून ती कुणी टेकवलीच नव्हती म्हणायची. साडेतीनशे रुपये गेले. आता तिच्यात मनीप्लांट आहे.

जपणूक

लेबल असलेल्या बाटलीला पाणी नाही, ओलं फडकंही नाही. मऊ कोरडा ब्रश, बस्स. पावसाळ्यात लेबलांना बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. यंदा डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, फरक पडला. आतला ऐवज चाखायचा नाही, हुंगायचासुद्धा नाही. जुन्या औषधांत पारा, सोमल, अफू काहीही असू शकतं. बूच निघत नसेल तर काढू नका.

असं एक न निघणारं बूच सध्या माझ्या टेबलावर आहे. पावशेराची हिरवट बाटली, निम्मी भरलेली, लेबल नाही. सोबत बैलाला औषध पाजायचा बांबूचा नळा मिळाला, तोंडाशी दातांच्या खुणा असलेला. आत्या म्हणते, बहात्तरच्या दुष्काळात बैल विकला आणि औषध तेवढं राहिलं. मी वहीत लिहिलंय: बाटली क्र. ६१, उघडलेली नाही, नळ्यासह. बैलाचं नाव विचारायचं राहिलं, ते पुढच्या खेपेला.