दुसरी खेप म्हणून कुणी नीट बघतच नाही

मी सातारा जिल्ह्यात एका सरकारी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, लेबर रूमलाच जास्त ड्युटी असते. ही पावसाळ्यातली गोष्ट. पाटण साईडचा पाऊस तिकडच्यांना सांगायला नको, लाईट सारखी जात येत होती, नाईटचा चार्ज घेतला न घेतला तोच १०८ मधून एक बाई आली, दिवस भरलेले, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं. सोबत सासूबाई. आल्या आल्या म्हणाल्या, "शिस्टर, दुसरी खेप हाय, लगीच मोकळी हुईल बघा, काय तरास न्हाई."

आणि मोकळी झाली पण लगेच. मी गरम पाण्यात बुडवून पिळलेला पॅड खाली धरून ठेवला होता, डोक्याला हाताने आधार होता, "आता जोर नको लावूस, तोंडाने श्वास सोड" सांगत होते, पण दुसऱ्या खेपेला बाळ कधीकधी आपल्या सांगण्याची वाट बघत नाही, एका कळेत डोकं आणि खांदे बाहेर. मुलगा, ३ किलो ९००, खणखणीत रडला. वार पूर्ण पडली, ब्लीडिंग बेताचं. सासूबाईंनी दारातूनच हात जोडले.

वरून जखम छोटीच दिसत होती. पहिल्या खेपेला दिलेल्या कटचा जुना व्रण होता, त्याच्या कडेने कातडी आणि थोडा स्नायू फाटलेला, दोन-तीन टाके घालून पेशंट वॉर्डला पाठवावा असंच कुणालाही वाटलं असतं. पण टाके घालायच्या आधी मी प्रत्येकीला सांगून, विचारून, शीच्या जागेतून बोट घालून तपासते, पहिलटकरीण असो नाहीतर दुसरेपणाची. लाईट जवळ ओढला आणि आधी नुसतं बघितलं. शीच्या जागेभोवती सगळीकडून बारीक चुण्या असतात, हिच्या पुढच्या बाजूला त्या नव्हत्याच, तेवढा भाग गुळगुळीत. मग बोट आत आणि अंगठा बाहेर ठेवून चाचपलं, तिला म्हटलं, "ताई, शी रोखून धरतो तसं आवळ बघू." मागून आवळलं गेलं, पुढून काहीच नाही. दोन बोटांच्या मधे जो जाड गोल स्नायू लागायला पाहिजे तो पुढे तुटून दोन्ही बाजूला सरकला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नुसती कातडी फाटली तर पहिली डिग्री, खालचा स्नायू फाटला तर दुसरी, शी रोखणारा गोल स्नायू फाटला तर तिसरी, आणि आतड्याचं आतलं अस्तर पण फाटलं तर चौथी. पहिल्या दोन आपल्याकडे शिवून होतात. तिसरी चौथी मात्र ऑपरेशन थिएटरमधे, कमरेत भूल देऊन, भरपूर उजेडात, ज्याला हे शिवता येतं अशा डॉक्टरनेच शिवायची, कारण भूल दिल्याशिवाय तो स्नायू सैल पडत नाही आणि सरकलेली टोकं ओढून एकत्र येत नाहीत. इंग्लंडच्या गायनॅक डॉक्टरांच्या कॉलेजच्या गाईडलाईनमधे त्यांच्याकडचे आकडे आहेत, स्नायूपर्यंत फाटण्याचं प्रमाण पहिलटकरणीत ६.१ टक्के आणि आधी नॉर्मल बाळंतपण झालेल्यांत १.७ टक्के. शंभरात दोन पण नाहीत, आणि म्हणूनच दुसऱ्या खेपेला कुणी बोट घालून बघत नाही.

मेडिकल ऑफिसरांना उठवलं, त्यांनी तपासलं, तिसरी डिग्रीच. आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतो. कराडला फोन लावला, या म्हणाले. सलाईन, अँटिबायोटिक, लघवीची नळी, जखमेवर पॅड, सगळी तयारी झाली आणि घरचे अडून बसले. सासूबाई म्हणायला लागल्या, "बाळ झालं, बाळंतीण बोलतीया, आता ह्या पावसात कशाला कराडला? टाकंच घालायचं ना, हितंच घाला की." नवरा गप्प. मला त्यांचा राग नाही आला, एवढ्या पावसात ओल्या बाळंतिणीला आणि तासाभराच्या बाळाला गाडीत घालायचं म्हटल्यावर कुणाच्याही पोटात कालवेल.

मी आजींना बाजूला घेतलं आणि सरळच सांगितलं, "आजी, हितं नुसती वरची कातडी शिवली तर बाहेरनं छान दिसंल, पण तिला शी धरून ठेवता येणार नाही. लुगडं खराब होईल, चारचौघात वारा सुटंल, ती कुठं लग्नाला जायची नाही, एसटीत बसायची नाही, आणि लाजंनं तुम्हाला सांगायची पण नाही." आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जावंचं असंच झाल्तं. मरस्तवर कुठं गेली न्हाई ती." आणि स्वतःच मुलाला म्हणाल्या, "चल, गाडीत बस."

ॲम्ब्युलन्समधे मी सोबत होते. मल्हारपेठच्या पुढे गेल्यावर ती माझा हात धरून हळूच म्हणाली, सिस्टर, पहिल्या वेळी पण मला चार-पाच महिने गॅस रोखता यायचा नाही, मी कुणाला बोलले नाही, मला वाटलं बाळंतपणानंतर सगळ्यांचंच असं होतं. म्हणजे बहुतेक पहिल्याच खेपेला आत काहीतरी फाटलं असणार आणि वरून शिवून घरी पाठवलं असणार. एवढ्या एएनसी म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीच्या व्हिजिट झाल्या, बीपी, रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं झालं, पण मागच्या बाळंतपणानंतर शी आणि गॅस रोखता येत होता का, हे एकाही माणसाने तिला विचारलं नव्हतं. हे आधी कळलं असतं तर यावेळी नॉर्मल की सिझर याचा तिच्याशी बसून विचार तरी झाला असता. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

कराडला पहाटे शिवलं, व्यवस्थित झालं. टाके विरघळणारे, काढायला लागत नाहीत. अँटिबायोटिक आणि शी पातळ ठेवायचं लॅक्टुलोजचं सिरप देऊन काही दिवसांनी घरी सोडलं.

खरी कसोटी घरी असते. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटतं म्हणून, वर डिंकाचे लाडू, आणि बाजेखाली शेगडी ठेवून धुरी. लाडू खाऊ दे, माझं काही म्हणणं नाही, पण पाणी कमी म्हणजे शी घट्ट आणि घट्ट शी म्हणजे नव्या टाक्यांवर सगळा जोर. धुरीने तर भाजायची भीती. तिथल्या आशाताईंना मी फोन करून सांगितलं, सिरप बंद करू देऊ नका, पाणी भरपूर, शी झाली की कोमट पाण्याने पुढून मागे धुऊन कोरडं करायचं, शेगडी बंद, पाजताना कुशीवर. पाजताना पोटात कळ येते ती दुसऱ्या खेपेला जास्तच असते, पिशवी आकसत असते, त्याने घाबरायचं नाही हे पण सांगायला लावलं. आशाताई ४२ दिवसांपर्यंत सहा वेळा घरी जातात, तिने प्रत्येक वेळी बाळाच्या वजनाबरोबर हिचे टाके पण विचारले. धुरीवरून आधी वाद झाला, मग सासूबाईंनी स्वतःच शेगडी उचलली म्हणे.

दीड महिन्याच्या लसीला बाळाला घेऊन आली तेव्हा मीच बाजूला घेऊन विचारलं. शी रोखता येते, गॅस कधीकधी सुटतो, पहिल्यापेक्षा खूप बरं आहे. आवळण्याचा व्यायाम दिवसातून तीन वेळा करते, भाकरी थापताना पण करते म्हणाली. नवऱ्याजवळ कधी जायचं हे तिने खाली मान घालून विचारलं, मी म्हटलं दुखायचं पूर्ण थांबू दे, तुझ्या मनाची तयारी होऊ दे, घाई कुणाचीच नको. असं नीट शिवलेल्या बायकांपैकी ६० ते ८० टक्के जणींना वर्षभराने काही त्रास राहत नाही, हे पण तिला सांगितलं, कारण तिला वाटत होतं हे आता जन्माचंच आहे.

तिला कराडला अजून एकदा दाखवायचंय, तारीख मी तिच्या फाईलवर लिहून दिलीय आणि आशाताईंना पण कळवलीय. आमच्या वॉर्डला आता एएनसीला येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या खेपेच्या बाईला मी तो प्रश्न विचारते, सासू बाहेर बसवून.