तुम्ही विचारलंत म्हणून: अंदमानातला शांत बीच

"अंदमानात गर्दी नसलेला बीच कुठला? तुम्ही जाऊन आलात ना, प्लॅन पाठवा ना." दिवाळी जवळ आली की हा मेसेज मला पाच-सहा जणांकडून तरी येतो. नणंदेची मैत्रीण, मुलाच्या वर्गातल्या कुणाची तरी आई, एकदा तर गॅस एजन्सीतल्या बाईंनी विचारलं. मी दरवेळी "राधानगरला सकाळी सातच्या आत जा, छान असतं" एवढं लिहून सुटका करून घेते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "आणि जेल? ते अर्ध्या दिवसात उरकतं ना?" आणि इथे मी गप्प होते, किंवा काहीतरी तुसडं लिहिते, आणि मग कानावर येतं की हिला विचारू नका, ही नीट सांगत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी तुमचं उत्तर. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथला राधानगर बीच 2004 साली 'टाइम'ने आशियातला सर्वोत्तम ठरवला आणि तेव्हापासून तो शांत राहिला नाही, दुपारी तीनला टूरच्या गाड्या सूर्यास्तासाठी येऊन उभ्या राहतात. पण पहाटे तोच बीच अख्खा तुमचा असतो. काला पत्थरला सूर्योदय बघा. नीलवर, म्हणजे शहीद द्वीपवर, सीतापूर. कुणी म्हणजे कुणीच नको असेल तर लाँग आयलंडचा लालाजी बे, रंगतवरून बोट, पुढे डुंगी (छोटी होडी) नाहीतर जंगलातून चालत, तिथे मी गेलेली नाही, तेव्हा त्याचं मला विचारू नका. ओहोटीचं टाइमटेबल बघून जा, हॅवलॉकच्या विजयनगर बीचच्या बाजूला पाणी इतकं मागे जातं की पोहायला जाऊन चिखल आणि कोरल तुडवत बसाल. मगरीचा बोर्ड दिसला तर तो सजावट म्हणून लावलेला नाही, 2010 मध्ये हॅवलॉकला एक अमेरिकन मुलगी गेलीय. शंख, कोरल पिशवीत घालू नका, एअरपोर्टवर काढून घेतात. आणि संध्याकाळ धरूच नका. घड्याळ आपलंच, पण जागा एवढी पूर्वेला की डिसेंबरात पाचला सूर्य बुडतो.

झालं. एवढंच हवं असेल तर इथे थांबा.

आम्ही 2016 च्या डिसेंबरात गेलो. मी, नवरा आणि आई. आई तेव्हा एकाहत्तरची, गुडघे बोलायला लागलेले. तिला अंदमान म्हणजे फक्त सेल्युलर जेल. समुद्र तिने गणपतीपुळ्याला पाहिला होता आणि तो तिला पुरेसा वाटत होता. सावरकरांची कोठडी बघायची, तिथे डोकं टेकायचं, हे ती माझ्या लग्नाच्या आधीपासून म्हणत आलेली. तिकिटाचे निम्मे पैसे दादाने दिले ते त्यासाठीच.

आणि प्लॅन मी केला. एक्सेलमध्ये, रंग भरून. 3 तारखेला सकाळी पोर्ट ब्लेअर, (आता श्री विजयपुरम म्हणायचं, माझ्या तोंडात अजून बसत नाही) दुपारच्या फेरीबोटीने लगेच हॅवलॉक, तीन रात्री शांत बीच, 6 ला परत, 7 ला दिवसभर जेल आणि संध्याकाळी लाइट अँड साउंड, 8 ला चेन्नईमार्गे घरी. मला वाटलं होतं शेवट गोड होईल, आईला घाई नको, आधी सगळ्यांचा शीण जाऊ दे. आई एवढंच म्हणाली होती, "देवळात आधी जातात गं, मग जत्रेत." मी म्हटलं, "अगं, जेल कुठे पळून जातंय."

2016 च्या मला मी आजही पूर्ण दोषी मानायला तयार नाही. डिसेंबर म्हणजे सीझन, हे सगळेच सांगत होते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस गेला की त्या बाजूला ईशान्येचा असतो, आणि बंगालच्या उपसागरात नोव्हेंबर-डिसेंबरात कमी दाबाचे पट्टे तयार होतच असतात, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी प्लॅन बदलला असता का? खरं सांगायचं तर नसता, कारण मलाही तो बीच हवा होता. वर्षभर सासू-सासऱ्यांची दुखणी, ऑफिस, मुलाची दहावी, मला कुठेतरी जाऊन कुणीही हाक मारणार नाही असं बसायचं होतं. आईची जेल आणि माझा बीच यात मी माझा बीच पुढे ठेवला आणि त्याला आईचा आराम असं नाव दिलं.

आणि ते दोन दिवस होतेही तसे. राधानगरला पहाटे आम्ही तिघं आणि एक कुत्रं. मागे ती अवाढव्य झाडं, पुढे पाणी, आणि आई जी किनाऱ्यावर चप्पल हातात घेऊन उभी राहणार होती ती निऱ्या वर खोचून सरळ पाण्यात बसली. अंगावर लाट आली की हसायची, तोंडाला पदर लावून. मी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं.

6 ला सकाळी लॉजच्या टीव्हीवर जयललिता गेल्याची बातमी चालू होती. सगळे चेन्नईची चिंता करत होते, विमानं उडतील का वगैरे, समुद्राकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. रात्रीपासून पाऊस होता, पण पाऊस तर पाऊस. जेटीवर गेलो तर फेरी रद्द. दुपारची पण रद्द. संध्याकाळी लाइट गेली, मग फोनची रेंज. पुढे ज्याचं वरदा चक्रीवादळ झालं, 12 तारखेला चेन्नईवर जाऊन आदळलं, ते तेव्हा आमच्या डोक्यावर तयार होत होतं. हॅवलॉक आणि नील मिळून हजाराच्या वर टुरिस्ट अडकले होते, हा आकडा मात्र घरी येऊन पेपरात वाचला.

वर नोटबंदीचा महिना. पाचशेच्या जुन्या नोटा कागद झालेल्या, दोन हजाराची कुणी मोडून देईना, एटीएम बंद, कार्डाचं मशीन बंद. आमच्याकडे तिघांत मिळून सातशे चाळीस रुपये सुटे होते, मी ते रोज रात्री मेणबत्तीत मोजायची, जणू मोजून वाढणार होते. लॉजवाली बंगाली बाई, तिथली बरीचशी वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली नंतर पाठवा. रोज भात, डाळ आणि भोपळ्याची भाजी. आईला ती "माशीमा" म्हणायची. पहिल्या दिवशी आई मला हळूच म्हणाली, "मला माशी काय म्हणते ही?" मावशीला म्हणतात तसं, हे कळल्यावर बरं वाटलं तिला.

त्या तीन दिवसांत आई एकदाही जेलबद्दल बोलली नाही. मी बोलले. दर तासाला. "उद्या निघालो तरी होईल गं", "परवा सकाळी उघडल्या उघडल्या जाऊ". ती पत्र्यावरचा पाऊस ऐकत जपमाळ ओढत बसायची आणि मान हलवायची. एकदा फक्त म्हणाली, "त्यांना दहा वर्षं ठेवलं होतं, मला तीन दिवस." मला अजून कळत नाही हा टोमणा होता की ती स्वतःला धीर देत होती.

9 ला नेव्हीने काढलं. छोट्या बोटीतून मोठ्या बोटीकडे, बोट खालीवर होतेय, दोन जवानांनी आईला काखेत हात घालून पिशवीसारखं उचललं, तिची पर्स प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी दातांत. पोर्ट ब्लेअरला पोचलो तेव्हा अंधार पडलेला. आमची विमानं कधीच गेली होती. नवऱ्याला कशीबशी दुसऱ्या दिवशी सकाळची तिकिटं मिळाली, दुप्पट पैशांत. पुढची मिळत होती ती दोन दिवसांनंतरची.

आता इथे. इथे मी दरवेळी अडते. आम्ही दोन दिवस राहू शकलो असतो. पैसे नव्हते हे खरं, नवऱ्याची रजा संपलेली हेही खरं, पण दादाला फोन केला असता तर त्याने काहीतरी केलं असतं. मी नाही केला, कारण मग त्याला सांगावं लागलं असतं की अजून जेल झालंच नाही. मी आईला विचारलं, "काय करायचं?" आणि अशा आवाजात विचारलं की तिला एकच उत्तर देता यावं. ती म्हणाली, "चला घरी."

पहाटे रिक्षावाल्याला काय वाटलं कोण जाणे, विचारलं जेल देखा क्या, नाही म्हटल्यावर त्याने आपणहून रिक्षा तिकडे घातली. गेट बंद. आईने रिक्षातच चपला काढल्या, खाली उतरायला वेळ नव्हता, तिथूनच बंद दाराला नमस्कार केला. रिक्षाच्या पत्र्यावर तिच्या पायाचे ओले ठसे उमटले होते, चपला आदल्या दिवसापासून वाळल्याच नव्हत्या.

दादाने घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "जेल दाखवलंस?" मग हिशेब मांडला की 3 तारखेला उतरल्यावर फेरीपर्यंत चार तास होते, त्यात झालं असतं. बरोबर आहे त्याचं. मी ते चार तास जेटीवर सामानापाशी बसून काढले, फेरी चुकेल म्हणून. त्यावर मी त्याला म्हटलं की तू कधी आईला पाण्यात बसून हसताना पाहिलंयस का. हे मी भांडणात म्हटलं, पण खोटं नव्हतं.

आई 2022 ला गेली. त्याआधी, ट्रिपला दोनेक वर्षं झाली असतील, घरी भजनी मंडळाच्या बायका आल्या होत्या, मी आत चहा गाळत होते. कुणीतरी अंदमानचं काढलं. आणि आई सांगायला लागली. सगळ्यात वरचा मजला, टोकाची कोठडी, झरोका एवढा उंच की हात पोचत नाही, दार लोखंडी, आत गेलं की गार लागतं. मी जमिनीला डोकं टेकलं, म्हणाली. बायका चुकचुकत होत्या. मी गाळणी हातात धरून तशीच उभी. बाहेर जाऊन चहा ठेवला, आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग राधानगरच्या पाण्याचं सांगायला लागली, ते मात्र जसं होतं तसंच.

मी तिला कधी विचारलं नाही. तिने ते माझ्यासाठी सांगितलं, दादासाठी, की स्वतःसाठी, माहीत नाही. वाचून वाचून तिला ती कोठडी एवढी पाठ होती की खरंच आत जाऊन आल्यासारखं वाटत असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलंय.

तर प्लॅन. उतरल्या दिवशी जेल. बीच नंतर. परतीच्या विमानाआधी दोन दिवस रिकामे. रोख पैसे, सुटे. मागच्या आठवड्यात एकीला हेच लिहिलं, सासूबाईंना घेऊन जातायत, चार रात्री पाच दिवस. त्यांचं उत्तर आलं, "दोन दिवस रिकामे म्हणजे वायाच ना ताई? त्यात नील होऊन जाईल."

मी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी सीतापूरचा फोटो पाठवून दिला.