प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत

कोपरीत आमची कृत्रिम पायांची छोटी कार्यशाळा आहे. मागच्या गुरुवारी कळव्याचे एक काका सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची तुटका पाय बसवायची खोबण, बदलायला आले. श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेतले जवान. डावा पाय गुडघ्याखाली नाही. १९८८ मध्ये जाफन्याजवळ सुरुंगात गेला.

लोकांना वाटतं, पायाचं माप टेपने घेतात. टेपचं काम दोन मिनिटांचं. खरं माप हातांनी घ्यायचं असतं. स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायावर, ओला कापडी मोजा चढवायचा आणि ओलं झालं की खूण उतरवणाऱ्या कॉपिंग पेन्सिलीने नाजूक जागा रेखायच्या: फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं, नडगीचं कापलेलं टोक, आणि काकांच्या बाबतीत नसेची ती गाठ, जिला बोट लागलं की नसलेल्या अंगठ्यात वीज चमकते. वर प्लॅस्टर बँडेज गुंडाळलं की खुणा आतून उमटतात. मग गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे रोवायचे, बाकीची बोटं गुडघ्यामागे, आणि प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. पेशंटनेही पाय सैल सोडायचा. इथे घाई करणाऱ्या कारागिरांचा मला राग येतो. त्यांच्या पाच मिनिटांची जखम पेशंट वर्षभर वागवतो.

सोबत मुलीचा मुलगा होता. अकरावीत, एनडीएची तयारी करणारा. शनिवारी कॉलेजात वादविवाद: अलिप्ततावादी देशाने शेजारच्या संघर्षात सैन्य पाठवावं का. तो बाजूने बोलणार होता. आजोबा जागचे हलू शकत नाहीत हे पाहून त्याने कागद काढला. १९७१, बांगलादेश, ९३ हजार युद्धकैदी. नोव्हेंबर १९८८, मालदीव: राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, आग्र्याहून पॅराट्रूपर त्याच रात्री उतरले, बंड मोडलं. पोरगा बोलत होता छान.

"श्रीलंका कुठाय रे?" काकांनी विचारलं.

"तो मुद्दा समोरचे घेतील, आजोबा. त्याने आपली बाजू पडते."

गुडघ्यामागच्या माझ्या बोटांना स्नायूंच्या दोऱ्या ताठ झालेल्या लागल्या. प्लॅस्टर त्याच आकारात घट्ट झालं. कापून काढावं लागलं.

चहा घेताना काका म्हणाले, "जाऊच नये असं मी नाही म्हणत. मालदीववाले काम करून परत आले. आम्हाला तमिळ लोकांनी हार घातले. दोन-अडीच महिन्यांनी त्याच रस्त्यांवर सुरुंग. भांडण सोडवायला गेलो होतो, लढायचंय हे तिथे कळलं."

२९ जुलै १९८७ च्या करारावर सह्या राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या. ज्यांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायची होती, त्या तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीईची, सही नव्हती. मार्च १९९० मध्ये सैन्य परतलं तेव्हा अकराशेहून अधिक जवान मारले गेले होते. माझं मत सरळ आहे: भांडणाऱ्या दोघांपैकी एकाचीही सही कमी असेल तिथे मध्यस्थ म्हणून आपला जवान उभा करू नये. पण मग १९७१ ला काय म्हणायचं? तिथे आपण मध्यस्थ नव्हतो, लढायलाच गेलो होतो. हे काकांसमोर बोलायला मात्र माझी जीभ रेटली नाही.

दुसऱ्यांदा मोजा चढवताना मी पोराला बाहेर बसायला सांगितलं. काका म्हणाले, "राहू दे त्याला." त्याच्या हातात पेन्सिल दिली, त्याचं बोट धरून गाठीवर नेलं, कळ आली तरी धरून ठेवलं. खूण पोरानेच केली. हात थरथरत होता, त्यामुळे हवी त्यापेक्षा मोठी झाली आहे. सॉकेट गाठीला टेकू नये म्हणून साच्यावर तिथे मी तेवढंच जादा प्लॅस्टर चढवणार आहे.