शेंगदाणा आणि तीळ चालत नाही, हे कोल्हापूरच्या भटारखान्यात सांगताना

मला शेंगदाणा आणि तीळ या दोन्हींची तीव्र ॲलर्जी आहे. कोल्हापुरात ही दोन नावं घेतली की समोरचा माणूस विचारतो, ‘मग खाता काय?’ प्रश्न रास्त आहे. खर्ड्यात दाणे, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, कांदा-लसूण चटणीत तीळ, तांबड्या रश्श्याच्या वाटणात तीळ. पांढऱ्या रश्श्यात नारळाच्या दुधाबरोबर काजू, खसखस आणि बऱ्याच ठिकाणी तीळ. मिसळीत तर दोन्ही. तरीही मी बाहेर जेवते. त्यासाठी जे करावं लागतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. काजू, अंडं, मासे किंवा दूध चालत नसेल त्यांनी पदार्थ बदलून हेच वापरावं.

सुरुवात शब्दांपासून. ‘ॲलर्जी’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंगावर उठलेलं पित्त येतं. ‘वावडं आहे’ म्हटलं तर नावडतं असं समजतात. ‘पथ्य आहे’ म्हटलं तर थोडंसं चालेल असं गृहीत धरतात आणि वरून आग्रहही होतो. म्हणून मी आजाराचं नाव नंतर सांगते, परिणाम आधी: ‘दादा, शेंगदाणा पोटात गेला तर माझा घसा सुजतो, श्वास बंद पडतो, लगेच दवाखान्यात न्यावं लागतं. कूट, तेल, चमच्याला लागलेलंसुद्धा चालत नाही.’ हे हळू आणि एकदाच सांगायचं. घाईघाईत सांगितलं की ऐकणाराही घाईत मान डोलावतो.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. ‘यात शेंगदाणे नाहीत ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही नाही’ असंच येतं, कारण प्रश्नातच उत्तर दिलेलं असतं. ‘वाटणात काय काय घालता?’ असं विचारा आणि गप्प राहा. सांगणारा कांदा, खोबरं, आलं, लसूण म्हणून थांबतो. मग ‘आणि घट्टपणासाठी?’ असं विचारलं की तीळ, दाणे किंवा काजू बाहेर येतात. ‘तळायला तेल कुठलं?’ हा तिसरा प्रश्न. इथे एक खड्डा आहे. जुन्या माणसांच्या तोंडी ‘गोडंतेल’ म्हणजे शेंगतेलच, आणि तरुण वेटर कुठल्याही खाद्यतेलाला गोडंतेल म्हणतो. १५ किलोचा डबा दाखवायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. रिफाइंड शेंगतेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. लाकडी घाण्याच्या तेलात मात्र ती राहतात, आणि घाण्याच्या तेलाची पाटी हल्ली बऱ्याच ठिकाणी अभिमानाने लावलेली असते. मी दोन्ही टाळते, कारण डब्यात ओतलेलं तेल नक्की कोणतं, हे जेवायला बसलेल्या माणसाला कळत नाही.

विचारायचं कुणाला? वेटरला नाही, काउंटरवरच्या माणसालाही पुरतं नाही. ज्याच्या हातात डाव आहे त्याला. घरगुती खानावळीत हे सोपं असतं. मावशी स्वतःच स्वयंपाक करतात, सकाळी वाटण त्यांनीच केलेलं असतं, आणि ‘मावशी, आज वाटणात तीळ घातलेत का?’ याचं उत्तर एका वाक्यात मिळतं. मोठ्या हॉटेलात आचारी समोर येत नाही. तिथे आदल्या दिवशी दुपारी ४ ते ६ च्या दरम्यान फोन करावा. दुपारची गर्दी संपलेली असते, रात्रीची तयारी सुरू झालेली नसते आणि मॅनेजर आत जाऊन विचारून येऊ शकतो. जेवायला जायचं तेही १२ वाजता किंवा संध्याकाळी सव्वासातला. दीड वाजता, त्यातही रविवारी किंवा बुधवारी, मटणाच्या गर्दीत तुमचा तवा वेगळा धुवायला कुणाला वेळ नसतो. तो माणूस वाईट नसतो, त्याच्यापुढे ४० ताटं थांबलेली असतात.

फोनवरच्या उत्तरावरून बरंच कळतं. ‘आत विचारून सांगतो’ हे चांगलं उत्तर. ‘आमच्याकडे जमणार नाही’ हेही चांगलं उत्तर, आभार मानून दुसरीकडे फोन करावा. ‘काही होत नाही हो, या तुम्ही’ असं उत्तर मिळालं की मी तिथे जात नाही. ऑनलाइन मागवताना जी सूचना लिहायची जागा असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. ती सूचना केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, छापली जाते, पण वाचली जाईलच असं नाही.

आता कार्ड. मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात छापून लॅमिनेट केलेली दोन कार्डं जवळ ठेवते. एका बाजूला मराठी, दुसरीकडे हिंदी आणि कानडी. भटारखान्यात काम करणारी बरीच मुलं उत्तरेकडची किंवा सीमाभागातली असतात, म्हणून ‘मूंगफली, तिल’ आणि ‘शेंगा, एळ्ळु’ हे शब्द हवेतच. मजकूर असा:

‘मला शेंगदाणा – दाणे, शेंगा, कूट, शेंगतेल – आणि तीळ यांची जीवघेणी ॲलर्जी आहे. चमचा, तवा, मिक्सरचं भांडं किंवा तळणीच्या तेलातून थोडंसं लागलं तरी श्वास बंद पडू शकतो. माझं जेवण साबणाने धुतलेल्या भांड्यात करावं. खात्री नसेल तर नाही म्हणावं, मला राग येणार नाही.’

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं म्हणजे अपमान, असं आपल्याकडे वाटतं, म्हणून लोक भिडेपोटी हो म्हणतात. ते वाक्य वाचल्यावर खरं उत्तर येतं. कार्ड वेटरच्या हातात देऊन ते केओटीबरोबर आत जाऊ द्यायचं आणि ताटाबरोबर परत मागायचं. कार्ड परत आलं नाही किंवा वेटरच्या खिशातूनच निघालं, तर ते आत गेलंच नाही. मग ताटाला हात लावायचा नाही.

वेगळं भांडं म्हणजे काय, हे समजावताना ‘जैन ऑर्डरला जसं वेगळं करता तसं’ एवढं म्हटलं की काम होतं. कोल्हापुरात ही सवय सगळ्या बऱ्या हॉटेलांना आहे. पण चुकूनही ‘जैन द्या’ म्हणू नका. कांदा-लसूण काढल्यावर ग्रेव्हीला अंग यावं म्हणून त्यात काजू, मगजबी किंवा स्वस्तात शेंगदाणा वाटून घालतात. उपवासाच्या पदार्थांचंही तसंच. एकादशीला, संकष्टीला आणि नवरात्रात भटारखान्यात कुटाचा डबा दिवसभर उघडा असतो. त्या दिवशी मी बाहेर जेवत नाही. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ आणि भाजीत तीळ-दाणे दोन्ही असतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगुळाचे हात सगळीकडे लागलेले असतात.

मिसळीचं जरा सविस्तर लिहिते, कारण ‘चिवडा-शेव न घालता देतो’ ही सवलत सगळे देतात आणि तीच सर्वांत फसवी आहे. गाड्यामागे उभं राहून हाताकडे बघा. एकच हात मटकी वाढतो, चिवड्याच्या परातीत जातो, शेव उचलतो, त्याच हाताने कांदा आणि कोथिंबीर टाकतो. म्हणजे कांद्याच्या भांड्यात दाण्याचा चुरा पडलेलाच असतो. कटाचा, म्हणजे मिसळीच्या रश्श्याचा, डाव ताटलीतल्या शेवेला टेकून परत पातेल्यात जातो. शिवाय कटाच्या मसाल्यात तीळ आणि खोबरं असतं, ते कुणी काढून देऊ शकत नाही. तिळाची ॲलर्जी असेल तर मिसळ सोडून द्या. नुसत्या शेंगदाण्याची असेल तर सकाळी दुकान उघडताच जावं, कांदा चिरून घेतल्या घेतल्या वेगळ्या वाटीत मागावा, मटकी आणि कट पातेल्यातून कोऱ्या डावाने घ्यावा. तेही वस्तादाने मसाल्यात दाणे नाहीत असं स्वतः सांगितलं तरच. ब्रेडचं पाकीट समोर फोडून घ्यावं.

तळणीला तर हातच लावू नये. भजी, वडा, पापड आणि चिवड्याचे दाणे एकाच कढईत तळले जातात. ‘उकळत्या तेलात सगळं जळून जातं’ हे मी शंभरदा ऐकलं आहे. जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन तसं जात नाही. भाजल्यावर तर ते जास्त त्रासदायक होतं. फडक्याने पुसलेला तवाही चालत नाही, आणि सॅनिटायझरने हात चोळून उपयोग नाही. साबण आणि पाण्यानेच ते निघतं. मिक्सरच्या भांड्याला पात्याखाली रबर असतं, त्यात कूट अडकून राहतं. म्हणून मिक्सरमधून काढलेलं काही मी घेत नाही, खोबऱ्याची साधी चटणीसुद्धा नाही.

मग मटणाच्या ताटात उरतं काय? बरंच उरतं. वाटण घालण्याआधी मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं असतं, ते आळणी. ते सकाळच्या पातेल्यातून, वाटणाचा डाव बुडायच्या आधी काढून ठेवायला सांगायचं. आदल्या दिवशीचा फोन यासाठीच. आळणीचं सूप मिरपूड घालून आणि मटणाचे तुकडे धुतलेल्या तव्यावर तूप-मीठ-मिरपुडीत परतून देतात. चटणी वापरू नका हे पुन्हा सांगावं लागतं, कारण आचाऱ्याचा हात सवयीने चटणीच्या डब्याकडे जातो आणि बिनचटणीचं मटण वाढताना त्यालाच वाईट वाटतं. सोबत भात, दही, चिरलेला नव्हे तर अख्खा कांदा, लिंबू, सालासकट उकडलेलं अंडं. ज्वारीची भाकरी तव्यावर तीळ लावलेली दुसरी भाकरी भाजत नसतील तरच.

ताट आलं म्हणजे संपलं असं नाही. खरा धोका वाढप्याचा आहे. तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा वाढायचा ही इथली रीत, आणि दुसऱ्या फेरीला येणारा वाढपी वेगळा असतो. त्याला काही माहीत नसतं. तो ‘रस्सा?’ म्हणतो आणि तुम्ही मान वर करेपर्यंत वाटीत धार पडलेली असते. मी रिकाम्या वाट्या बसल्या बसल्या उपड्या घालते, ताट भिंतीच्या बाजूला घेते आणि वाटेकडची जागा सोबतच्या माणसाला देते. बादली डोक्यावरून जाऊ नये एवढ्यासाठी. लग्नाच्या बुफेत एका भाजीचा चमचा दुसऱ्या भाजीत जातोच. तिथे मी कार्यालयात पंगत सुरू व्हायच्या आधी केटररकडून झाकलेल्या पातेल्यातला भात आणि वरण घेते, तेही फोडणीचं विचारून.

कायद्याचा आधार किती, तेही सांगते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांनुसार मेन्यूवर ॲलर्जीची माहिती देण्याचं बंधन केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना आहे. आपल्या खानावळी आणि मिसळवाले त्यात बसत नाहीत. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या यादीत गहू, कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि सुका मेवा, सोयाबीन, सल्फाइट एवढे आहेत. तीळ त्यात नाही. म्हणून मसाल्याच्या पाकिटावर खालची ठळक ओळ वाचून थांबू नका, घटकांची सगळी यादी वाचा.

औषधाशिवाय घराबाहेर पडायचं नाही. हे औषध म्हणजे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. त्याचं स्वतः टोचायचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. माझ्या डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनच्या १ मिलिच्या दोन कुप्या, दोन सिरिंज, सुया आणि डोस लिहिलेली चिठ्ठी दिली आहे. मोठ्या माणसाला साधारण ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून आणि हातात सिरिंज घेऊन शिकून घ्या. कुपी फोडायचा सराव जुन्या मुदतीच्या कुपीवर करा, घाबरलेल्या हाताने ती निसटते. सोबतच्या एका माणसालाही हे यायला हवं. औषध उन्हात तापलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, दर तीन महिन्यांनी मुदत आणि रंग बघावा. पिवळसर झालं तर टाकून द्यावं.

ओठ सुजले, घसा दाटला, श्वासाला घरघर आली, एकाएकी उलट्या किंवा चक्कर आली, तर आधी ॲड्रेनॅलिन, मग १०८ ला फोन. अंगावरच्या पित्ताची, म्हणजे ॲलर्जीची, गोळी घेऊन वाट बघत बसू नका, ती खाज कमी करते, घशाची सूज थांबवत नाही. आडवं पडून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसतं करावं, पण उभं करून चालवत नेऊ नये. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. म्हणूनच नवं ठिकाण मी शहरातच आजमावते, सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा दुसरं मोठं रुग्णालय जवळ असेल असं. पन्हाळ्यावरची झुणका-भाकर कितीही आवडली तरी तिथून शहर २० किलोमीटर आहे, घाट उतरून. तिथे मी घरचा डबा नेते.

जेवण झाल्यावर अर्धा तास तिथेच आसपास थांबते, लगेच एसटीत बसत नाही. घरी येऊन वहीत चार गोष्टी लिहिते: तारीख, ठिकाण, काय खाल्लं, आणि आचाऱ्याने तेल-वाटणाबद्दल काय सांगितलं. त्याचं नावही. पुढच्या वेळी फोन लावला की पहिल्यांदा त्याच नावाने विचारते. तो सोडून गेला असेल, तर सगळं पुन्हा वाटणापासून.