तुम्ही विचारलंत म्हणून: टॉप शेफही आणि मार्च मॅडनेसही?

स्वयंपाकाच्या स्पर्धा आणि अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने, एकाच बाईला या दोन्हींची एवढी ओढ कशी, असं मला नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा यातली एक गोष्ट पटलेली असते आणि दुसरीचं कोडं पडलेलं असतं. कुणी म्हणतं, टीव्हीवरचा पदार्थ आपल्याला चाखता येत नाही, मग कोण जिंकलं त्याचं एवढं काय? कुणी म्हणतं, एनबीएसारखी व्यावसायिक बास्केटबॉलची लीग असताना विशीतल्या पोरांचे सामने कशाला बघायचे? दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. जिथे मागचं पुण्य चालत नाही अशी स्पर्धा मला बघायला आवडते, आणि ती मला या दोन ठिकाणी सापडते.

टॉप शेफ ही स्वयंपाकाची स्पर्धा २००६ पासून अमेरिकेतल्या ब्राव्हो वाहिनीवर चालू आहे. त्यात उतरणारे सगळे पेशाने शेफ असतात, हौशी कुणी नसतं. दर भागात कुणीतरी घरी जातं. टॉम कोलिकियो पहिल्या सीझनपासून मुख्य परीक्षक आहे आणि त्याची भूमिका तेव्हापासून तीच आहे: आज समोर आलेल्या प्लेटवर निर्णय. आधीचे चार भाग जिंकलेला शेफ आज मासा कच्चा ठेवतो आणि आजवर कसाबसा तरलेला शेफ आज ठीकठाक सूप करतो, तर जायचं पहिल्याने. बघणाऱ्याच्या जिवाला हे लागतं. मलाही लागतं. पण परीक्षक एकदा का 'एरवी हा फार चांगला आहे' असं म्हणून कुणाला वाचवायला लागले, तर उरलेल्यांनी आज मन लावून रांधायचं कशासाठी?

मार्च मॅडनेसचा कायदाही तोच. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना, हिच्या या बास्केटबॉल स्पर्धेत ६८ संघ, तीन आठवडे, आणि हरलात की बाहेर. एनबीएच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने खेळता येतात, म्हणून सरस संघ एखादा दिवस वाईट गेला तरी सावरतो. कॉलेजात ४० मिनिटं मिळतात. त्या ४० मिनिटांत तुमचे लांबून मारलेले तीन गुणांचे फटके पडले नाहीत, तर वर्षभर जिंकलेले ३१ सामने तुमच्या कामी येत नाहीत.

३१ हा आकडा मी उगीच घेतला नाही. २०१८ साली व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ ३१ विजय आणि अवघे २ पराभव घेऊन स्पर्धेत उतरला होता. ६८ संघांत त्यांना पहिलं मानांकन होतं. पहिल्या फेरीत समोर यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा. मानांकन १६वं, म्हणजे सर्वांत खालचं, कारण संघ चार विभागांत वाटतात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकनं असतात. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याशी १३५ वेळा खेळला होता आणि १३५ वेळा जिंकला होता. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. शेवटी यूएमबीसीने ७४-५४ ने सामना घेतला. तब्बल वीस गुणांनी! (महिलांच्या स्पर्धेत हे वीस वर्षं आधीच घडलं होतं. १९९८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने स्टॅनफर्डला ७१-६७ असं त्यांच्याच मैदानावर हरवलं. यूएमबीसीची गोष्ट सांगताना लोक ही विसरतात, म्हणून मी दरवेळी सांगते.)

त्या रात्रीच्या पराभवापेक्षा त्यापुढचं वर्ष मला जास्त मोलाचं वाटतं. प्रशिक्षक टोनी बेनेट आणि त्या संघातले मुख्य खेळाडू २०१९ मध्ये पुन्हा त्याच पायरीवर आले. पुन्हा पहिलं मानांकन, समोर पुन्हा सोळावा संघ, गार्डनर-वेब, आणि पहिल्या सत्रात व्हर्जिनिया चक्क १४ गुणांनी मागे. तिथून त्यांनी तो सामना जिंकला. पर्ड्यूविरुद्ध शेवटच्या क्षणाच्या बास्केटने बरोबरी साधून जादा वेळेत जिंकले. ऑबर्नविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ०.६ सेकंद उरलेले असताना दोन गुणांनी मागे होते आणि व्हर्जिनियाचा काइल गाय एकेका गुणाचे तीन फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला. तिन्ही आत, ६३-६२. त्याच्या काही सेकंद आधी व्हर्जिनियाचा डबल ड्रिबल, म्हणजे चेंडू टप्पे देताना झालेला नियमभंग, पंचांच्या नजरेतून सुटला होता, हेही खरं आहे, आणि ऑबर्नचे चाहते ते विसरले नसतील तर मी त्यांना दोष देणार नाही. अंतिम सामन्यात टेक्सस टेक जादा वेळेत ८५-७७ असा हरला आणि व्हर्जिनियाला पहिलंवहिलं अजिंक्यपद मिळालं. आदल्या वर्षीचा कलंक पुसायला त्यांना कुणी सवलत दिली नाही. त्यांनी एकेक सामना नव्याने जिंकला.

क्रिस्टन किशची गोष्ट मी त्याच मापाने मोजते. टॉप शेफच्या दहाव्या सीझनमध्ये ती सुरुवातीपासून वरच्या फळीत होती. मग आलं रेस्टॉरंट वॉर्स. यात शेफांचे संघ करून प्रत्येक संघाला जवळजवळ शून्यातून एक रेस्टॉरंट उभं करायला लावतात. किश तिच्या संघाची प्रमुख होती. चुका बऱ्याच झाल्या आणि त्या सगळ्या तिच्या एकटीच्या नव्हत्या, हे बघणाऱ्याला स्पष्ट दिसत होतं. परीक्षकांपुढे तिने सहकाऱ्याकडे बोट दाखवलं नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि घरी गेली. पुढे लास्ट चान्स किचनमध्ये, म्हणजे बाद झालेल्यांच्या वेगळ्या लढतींत, एकामागून एक प्रतिस्पर्धी हरवून ती परत आली आणि ब्रुक विल्यमसनला हरवून तिने तो सीझन जिंकला. २०२४ पासून त्याच कार्यक्रमाची सूत्रं तिच्या हातात आहेत. घरी जाणाऱ्या शेफकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते अभिनयाने येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

'लास्ट चान्स किचन म्हणजे मागच्या दाराने आत येणं नाही का?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. मला तसं वाटत नाही. तिथे टॉम एकटाच परीक्षक असतो, समोरासमोर दोन पदार्थ असतात, हरलात की संपलं. परत येण्याची किंमत पदार्थानेच मोजावी लागते. माझा आक्षेप एवढाच की हे दार एका सीझनमध्ये एकदाच उघडावं. काही सीझनमध्ये ते दोनदा उघडलं, आणि शेवटाजवळ कुणी परत आलं की तोवर एकदाही बाद न झालेल्यांवर अन्याय होतो.

मला खरी चीड आहे ती इम्युनिटीची. बरीच वर्षं नियम असा होता की भागाच्या सुरुवातीची छोटी लढत, क्विकफायर, जिंकली की मुख्य लढतीत तुम्हाला कुणी बाद करू शकत नसे. अकराव्या सीझनमध्ये, न्यू ऑर्लिन्सला, निकोलस एल्मीचा पदार्थ इतका फसला की एरवी तोच गेला असता. इम्युनिटी स्वतःहून सोडण्याचा विषय परीक्षकांसमोर निघाला. त्याने ती सोडली नाही. स्टेफनी स्मार घरी गेली आणि पुढे तो सीझन एल्मीनेच जिंकला. चाहत्यांनी त्याला फार छळलं. ते मला मुळीच पटलं नाही. नियमाने दिलेलं त्याने वापरलं, दोष नियमाचा. २०२४ च्या विस्कॉन्सिन सीझनपासून इम्युनिटी मुख्य लढत जिंकणाऱ्याला मिळू लागली. ती निदान मोठ्या कामाची बक्षिसी आहे, पण माझ्या हातात असतं तर मी ती काढूनच टाकली असती. कालच्या पदार्थाने आजचा पदार्थ झाकायचा नाही.

कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये, याच्या उलटा गुन्हा घडला, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. २०२३ च्या मोसमात प्लेऑफमध्ये चारच संघ घेत आणि ते चार एक समिती निवडत असे. फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले होते, आपल्या एसीसी गटाचं अजिंक्यपदही. पण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय नोव्हेंबरात जायबंदी झाला. त्याच्याशिवाय त्यांनी फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला हरवलं. नंतर गटाच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या क्रमांकाचा, पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक घेऊन लुईव्हिलला १६-६ असं हरवलं. तरी समितीने एक सामना हरलेल्या अलाबामाला आत घेतलं. कारण काय, तर ट्रॅव्हिसशिवायचा हा संघ आता पूर्वीचा राहिला नाही. म्हणजे झालेले सामने बाजूला ठेवून न झालेल्या सामन्यांचा निकाल लावला. मग ती १६-६ ची रात्र ती पोरं खेळली कशासाठी? पुढे ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६३-३ ने चिरडलं तेव्हा 'बघा, समितीचं बरोबर होतं' असं म्हणणारे निघाले. त्या सामन्याला फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. २०२४ पासून प्लेऑफ १२ संघांचं झालं हे उत्तम झालं. मोठ्या गटाचा अपराजित विजेता आता समितीच्या अंदाजापायी बाहेर राहणार नाही.

आता चवीचा प्रश्न. सामन्यात गुणफलक सगळ्यांना दिसतो, पदार्थ फक्त परीक्षकांच्या तोंडात जातो, हे खरंच आहे. म्हणून मी परीक्षकांची भाषा बारकाईने ऐकते. 'यात आत्मा नाही' असं कुणी म्हणालं की माझा विश्वास डळमळतो. 'तांदळाचा दाणा आत कच्चा आहे', 'सॉस फुटलाय', 'आंबटपणा नसल्यामुळे तिसऱ्या घासाला जड होतं' असं म्हणालं की मला निकाल दिसतो, जवळजवळ गुणफलकासारखाच. टॉप शेफची परीक्षक गेल सिमन्स यात मला सगळ्यांत भरवशाची वाटते. ब्रिटनच्या बेक ऑफ या बेकिंगच्या स्पर्धेने यावर आणखी चांगला उपाय काढलाय. तिथे मधल्या टेक्निकल फेरीत सगळे एकच पाककृती करतात आणि कुठली प्लेट कुणाची हे परीक्षकांना ठाऊक नसतं. टॉप शेफने निदान शेवटच्या चार भागांत एक फेरी अशी ठेवावी. स्पर्धकांच्या बालपणीचे फोटो आणि हळवं संगीत यांना तेवढी कात्री लावली की वेळही निघेल.

पैशाबद्दल थोडक्यात. खेळाडूंना पैसे मिळू लागल्यापासून कॉलेजच्या खेळाची मजा गेली, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. पुरुषांच्या मार्च मॅडनेसच्या प्रक्षेपणाचा २०२५ ते २०३२ चा करार ८.८ अब्ज डॉलरचा आहे. तो पैसा ज्यांच्या खेळावर उभा आहे, त्यांना २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर जाहिरात करायलाही बंदी होती. ती उठली हे न्यायाचं झालं. आता संघ सोडणं सोपं झाल्याने छोट्या कॉलेजांना झळ बसते, हेही मला दिसतं. २०२२ मध्ये जर्सी सिटीचं छोटंसं सेंट पीटर्स पंधराव्या मानांकनावरून केंटकी आणि पर्ड्यूला हरवत शेवटच्या आठांत पोचलं, आणि काही आठवड्यांतच प्रशिक्षक आणि बरेचसे खेळाडू दुसरीकडे निघून गेले. वाईट वाटलंच. तरी विशीतल्या पोराने माझ्या करमणुकीसाठी कमी पैशात एका जागी राहावं, हे मागायचा मला हक्क नाही.

आणि महिलांचे सामने बघा, हे न विचारताच सांगते. २०२१ साली महिला संघांना व्यायामासाठी डंबेलचा एक छोटा रॅक दिला होता आणि पुरुषांना अख्खी व्यायामशाळा. एका खेळाडूने त्याचा व्हिडिओ टाकला तेव्हा एनसीएएला जाग आली. 'मार्च मॅडनेस' हे नावही महिलांच्या स्पर्धेला २०२२ मध्ये मिळालं. दोनच वर्षांनी साउथ कॅरोलायना आणि केटलिन क्लार्क या गाजलेल्या खेळाडूची आयोवा यांचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. साउथ कॅरोलायना ८७-७५ ने जिंकली, अख्ख्या मोसमात ३८ पैकी ३८.

नव्याने बघायला लागणार असाल तर टॉप शेफचा दहावा सीझन घ्या, आणि निकाल मी वर फोडलाच आहे तरी रेस्टॉरंट वॉर्सच्या वेळी फोन बाजूला ठेवा. कॉलेज बास्केटबॉलसाठी अंतिम सामन्याची वाट बघू नका. मार्चमधल्या पहिल्या फेरीचे गुरुवार आणि शुक्रवार मोकळे ठेवा. दोन दिवसांत ३२ सामने होतात, एक संपतो न संपतो तोच दुसऱ्याची शेवटची दोन मिनिटं सुरू असतात. बाराव्या मानांकनाचा संघ पाचव्याशी खेळत असेल तो सामना आधी लावा.