सड्यावरचं घर आणि हायब्रिड गाडी: माझा अनुभव

रत्नागिरीजवळ गोळपच्या सड्यावर आमचं घर आणि मिरजोळे एमआयडीसीत आंब्याच्या पल्पचा कारखाना. घरातून निघायचं, भाट्याचा पूल ओलांडून बाजार, बँक, मग कारखाना, परतताना कधी पावसच्या बाजूला बागेत डोकावायचं. रोजचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर सहज होतात आणि गाडी बहुतेक मीच चालवते. अधूनमधून कोल्हापूर, हंगामाच्या आधी-नंतर मुंबई. जुनी डिझेल एसयूव्ही बदलायची वेळ आली तेव्हा नवरा म्हणाला, "इतकी वर्षं गाडीची निवड मी केली, आता तू कर." मला लहानपणापासून ताकदीच्या गाड्यांचं वेड आहे. घाटात तिसऱ्या वळणाला इंजिन अजून मागेल तेवढं देतंय हे जाणवलं की जो आनंद होतो, त्यासाठी मी पैसे साठवले होते. त्यामुळे व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन हवं, एवढं ठरलेलं होतं.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक ऑडी आरएस क्यू८ परफॉर्मन्स, जी भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये २.४९ कोटी एक्स-शोरूमला आली. ४ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८, ६४० हॉर्सपॉवर, ८५० न्यूटन मीटर टॉर्क. दुसरी बीएमडब्ल्यू एक्सएम, डिसेंबर २०२२ मध्ये २.६० कोटींना आलेली. तिचं ४.४ लिटरचं व्ही८ एकटं ४८९ हॉर्सपॉवर देतं, त्याला १९७ हॉर्सपॉवरची इलेक्ट्रिक मोटर जोडलेली, दोन्ही मिळून ६५३ आणि टॉर्क ८०० न्यूटन मीटर. ऑडीतही ४८ व्होल्टची छोटी यंत्रणा आहे, पण ती इंजिनाला हात देण्यापुरती. भिंतीला वायर लावून चार्ज करायची ती एक्सएम, म्हणजे प्लग-इन हायब्रिड, आणि चार्ज केल्यावर कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ८० किलोमीटरच्या वर नुसत्या विजेवर चालणारी.

कागदावर बघाल तर ऑडीच वरचढ. शून्य ते शंभरला ३.६ सेकंद, एक्सएमला ४.३. वजनात तर जमीन-अस्मानाचा फरक: ऑडी साधारण २,३०० किलो, एक्सएम २,७०० च्या आसपास. ऑडीला एअर सस्पेन्शन आहे, गाडी खाली-वर मिळून ९० मिलिमीटरपर्यंत हलते. पावसाळ्यात आमच्या वाडीच्या रस्त्यावरून येताना त्याचं मोल कळतं. टाकीही ऑडीची मोठी, ८५ लिटर, एक्सएमची ६९. मुंबईला जाऊन दोन्ही चालवून बघितल्या. ऑडी चालवून उतरले तेव्हा माझं मन जवळजवळ ठरलं होतं.

कराच्या बाबतीत नातेवाईकांनी बराच घोळ घातला. "हायब्रिडला कर कमी, डोळे मिटून हायब्रिड घे," असं प्रत्येक जण सांगत होता. हे आधी खरं होतं. मोठ्या पेट्रोल एसयूव्हीला २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस मिळून ५० टक्के, हायब्रिडला २८ आणि १५ मिळून ४३. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि दोन्ही सरळ ४० टक्क्यांवर आल्या. ५ टक्के फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला. आरटीओकडेही फरक नाही: महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर आणि १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा ३० लाख. म्हणजे किंमत २ कोटी ३१ लाखांच्या वर गेली की कर तिथेच थांबतो, गाडी कुठलीही असो. हिरवी नंबर प्लेटही हायब्रिडला मिळत नाही. तेव्हा कराचा मुद्दा मी वहीतून खोडून टाकला.

मग खरा प्रश्न पुढे आला: चार्जिंग कुठे करणार? विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, घरी साधा पॉइंट असेल तरी चालतं." मी त्याला सड्यावरच्या घराची गोष्ट सांगायच्या फंदात पडले नाही. घरी आले आणि आमच्या वायरमनना बोलावलं.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. वर हातभर माती, कुठे तीही नाही, खाली कातळ. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो आणि मार्च-एप्रिलनंतर कोरडाठाक होतो. कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत उतरायला फार विरोध होतो. घरातले पंखे, फ्रिज, टीव्ही अर्थिंग कच्चं असलं तरी चालत राहतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते पटलं नाही तर चार्जिंग सुरूच करत नाही. ते बरोबरच आहे. ओल्या अंगणात, अनवाणी पायाने कुणी गाडीला हात लावला तर त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

वायरमननी मे महिन्याच्या उन्हात अर्थ टेस्टर लावला. जमिनीचा विरोध ५ ओहमच्या आत हवा होता, आकडा त्याच्या कितीतरी पट वर. "वहिनी, पावसात मोजलं असतं तर चांगलं दिसलं असतं," ते म्हणाले, "आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडीने तुमाला रडवलं असतं." घराच्या पायथ्याशी मीठ-कोळसा घालून केलेला जुना खड्डा होता. उकरला तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप खाऱ्या हवेने आणि मिठाने कुजलेला, पट्टी हाताने मोडत होती.

नवीन अर्थिंग घरापाशी करून उपयोग नव्हता. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जागा सुचवली. आवाराच्या खालच्या अंगाला, विहिरीच्या बाजूला, जिथे मे महिन्यातही आळू हिरवं असतं. तिथे बोअरवाल्याकडून कातळ फोडून खोल भोक पाडलं, तांब्याचा मुलामा दिलेले रॉड एकाखाली एक जोडून उतरवले, भोवती ओलावा धरून ठेवणारी बेंटोनाइटची माती भरली. थोड्या अंतरावर दुसरं तसंच. तिथून चार्जरपर्यंत जीआय न वापरता तांब्याची पट्टी. वरचा सांधा उघडून बघता येईल असा चौकोनी चेंबर. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा ५ च्या खाली आला, तोही मे संपायच्या आत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कोरड्या वेळी. त्याच दिवशी माझ्या डोक्यात हायब्रिडचा दरवाजा उघडला.

लोडचंही काम होतं. एक्सएम ७.४ किलोवॅटने चार्ज होते, म्हणजे एका फेजवर ३२ अँपिअर, तेही सलग चारएक तास. बॅटरीची वापरता येणारी क्षमता २५.७ युनिट आहे. आमच्या जुन्या सर्व्हिस वायरला तो भार सोसणारा नव्हता. मंजूर भार वाढवून थ्री फेज घेतला, चार्जरला वेगळी लाइन टाकली, वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीबीओ बसवलं. संध्याकाळी सगळ्या वाडीतले दिवे लागले की डीपीवर ताण येतो आणि व्होल्टेज पडतं, म्हणून चार्जिंगची वेळ रात्री अकरानंतरची लावली.

एवढं सगळं करून मग गाडीही तशी असायला हवी ना! विक्रेत्याच्या फेरफटक्यात बॅटरी भरलेली असते, रस्ता गुळगुळीत असतो. मला बॅटरी संपलेल्या अवस्थेत घाट चढून बघायचा होता. कोल्हापुरातल्या एका ओळखीच्यांकडे एक्सएम आहे, त्यांनी विश्वासाने चावी दिली. मलकापूरपर्यंत जाताना बॅटरी मुद्दाम संपवली, आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत आले, परत फिरून चढले.

चढताना गाडी कमी पडली नाही. बॅटरी रिकामी दिसली तरी यंत्रणा थोडा साठा राखून ठेवते, त्यामुळे ओव्हरटेकला मोटरचा जोर मिळतो. पण वळणावर वजन कळतं. स्टीअरिंग फिरवल्यावर ऑडी जितक्या पटकन आत वळते तितकी ही वळत नाही, आणि पेट्रोल दोन्ही सारखंच पितात. उतरतानाची गोष्ट वेगळी. २,७०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली तर हिशोबाने साडेतीन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा सुटते. त्यातली बरीचशी वाया जाते, पण घाटाच्या तळाशी बॅटरीचा काटा वर आलेला स्पष्ट दिसला आणि ब्रेकचा वास अजिबात नाही. घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मात्र हा फायदा मिळत नाही, कारण भरायला जागाच नसते. कोल्हापूरहून येताना तिथे थांबून चार्ज करू नये, हे त्या मालकांनीच सांगितलं.

युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये एक अहवाल दिला. २०२१ मध्ये नोंदलेल्या प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या सरासरी ३.५ पट निघालं. मुख्य कारण काय, तर लोक ठरल्याइतकं चार्ज करत नाहीत आणि विजेवर कमी चालवतात. हे वाचल्यावर माझा विचार पक्का झाला. रोज रात्री वायर लागणार असेल तरच ही गाडी घ्यावी. नाहीतर ४०० किलोचं ओझं घेऊन फिरणारी व्ही८ पदरात पडते.

माझ्या बाबतीत रोजचं पंचेचाळीस किलोमीटर एका चार्जमध्ये बसतं, एसी चालू ठेवूनसुद्धा. पैसे वाचतात म्हणून मी हे सांगत नाही, अडीच कोटींच्या गाडीत तो हिशोब करायचा नसतो. मला महत्त्वाचं वाटलं ते इंजिनाचं आरोग्य. मोठं व्ही८ रोज सकाळी थंड अवस्थेत सुरू करायचं, दहा-बारा किलोमीटरवर बंद करायचं, कोकणातल्या दमट हवेत ऑइलमध्ये ओल धरायची, हे वर्षभर चाललं तर इंजिन हळूहळू खराब होतं. विजेवर ती सगळी छोटी चाल निघून जाते आणि इंजिन कोल्हापूर-मुंबईला व्यवस्थित तापून चालतं. शिवाय हंगामात पहाटे चारला निघताना वाडीतली लहान मुलं, म्हातारी माणसं झोपलेली असतात. तेव्हा आवाज न करता जाता येणं मला फार मोलाचं वाटतं.

खाऱ्या हवेत हायब्रिडला जपावं लागतं ते वेगळ्या ठिकाणी. मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक डिस्क फारशा वापरल्या जात नाहीत आणि भाट्याच्या वाऱ्यात त्यांवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे बघून चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारायचा, खालून गोड्या पाण्याने धुवायचं. पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं आणि इथेनॉल ओल शोषतं. प्लग-इन गाडीची टाकी बंद आणि दाबाखाली असते, म्हणून बाहेरची हवा आत जात नाही. तरी टाकी पावसाळाभर काठोकाठ भरून ठेवू नये, कमी भरून संपवत जावं. पंपावर आधी बटण दाबून दाब सोडावा लागतो, झाकण उघडायला थोडं थांबावं लागतं, हे भरणाऱ्या मुलाला सांगून ठेवा.

इन्शुरन्सवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. २२ जुलै २०२१ चं चिपळूण आम्ही कोणी विसरलेलो नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या ओळखीच्या कित्येकांच्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. म्हणून इंजिनात पाणी शिरण्याचं संरक्षण, हाय व्होल्टेज बॅटरीचं वेगळं संरक्षण आणि पूर्ण बिलाची रक्कम परत मिळण्याचं कलम, तिन्ही पॉलिसीत छापील दिसल्याशिवाय सही केली नाही. एजंट फोनवर "सगळं कव्हर आहे" म्हणतो, ते धरायचं नाही. बुडालेल्या हायब्रिडला हात लावू नये, नारिंगी केबल दिसली तर लांब राहावं, हे घरात सगळ्यांना आणि ड्रायव्हरला समजावून दिलं. हाय व्होल्टेजचं काम येणारं अधिकृत वर्कशॉप इथून दूर आहे, तेव्हा गाडी फ्लॅटबेडवर नेण्याची सोय कुठून कुठपर्यंत मोफत, हेही विक्रेत्याकडून लेखी घेतलं. या एका बाबतीत साधी पेट्रोल गाडी आजही सोपी आहे, हे मला मान्य आहे.

एक्सएम बुक केली. नानांनी एकच विचारलं, "ही आपल्या गडग्यांच्या मधून जाईल ना?" गडगा म्हणजे दगडी कुंपण, आणि गाडी दोन मीटर रुंद आहे. फाटकाच्या खांबाचे दोन चिरे काढून मागे घेतले.

कुडाळचे आमचे भावोजीही गाडी शोधतायत, त्यांनी गेल्या आठवड्यात फोन केला होता. त्यांचं काम गोवा, बेळगाव, मुंबई असं सतत हायवेवर, रात्री बऱ्याचदा लॉजवर मुक्काम, आणि घरी गाडी लावायची ती चाळीच्या मोकळ्या जागेत, जिथे त्यांच्या मीटरची वायर पोचत नाही. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही ऑडी घ्या, आणि तिचं एअर सस्पेन्शन आंबोली घाटात एकदा मला चालवून बघू द्या." ते पुढच्या आठवड्यात टेस्ट ड्राइव्हला जाणार आहेत.